बसलेले पाटे

आमच्या घरामागच्या शेडमध्ये अब्बांची गाडी उभी आहे. महिंद्राची चपट्या तोंडाची एफसी-१६० पिकअप. अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या नमुन्यावरून आलेली ही गाडी एके काळी आपल्याकडे बरीच दिसायची. अब्बा तिच्यातून कऱ्हाडचा गूळ आणि भाजीपाला कुंभार्ली घाटातून चिपळूणला न्यायचे. गेल्या वर्षी पुतण्या म्हणाला, "चाचा, गाडी चालू करू या. नर्सरीची रोपं बाजाराला न्यायला बरी पडेल." कागदपत्रांचं काम त्यानं अंगावर घेतलं, दुरुस्तीचं मी.

इंजिन झालं, ब्रेक झाले. पण गाडी उभी केली की डावीकडे कलायची. मागचे पाटे बसले होते. मी म्हटलं, एखादा पाटा वाढवून घेऊ, भागेल. माल वाहणाऱ्यांत हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि मला तर ते सोळाव्या वर्षीच कळायला हवं होतं.

पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाच्या पट्ट्यांचं जुडगं. सर्वांत लांब पट्टी वर, तिच्याखाली उतरत्या लांबीच्या, आणि मधोमध सगळ्यांना बांधणारा एक सेंटर बोल्ट. वरच्या पट्टीला मेन पाटा म्हणतात. तिची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात. या डोळ्यांत बुश बसतात आणि त्यातून पाटा चासीला जोडला जातो. भार आला की कमान सपाट होते, लांबी वाढते, म्हणून एक टोक शॅकलवर झुलतं ठेवलेलं असतं. मधल्या भागाला यू-बोल्टनं ॲक्सल बांधलेला असतो. म्हणजे पाटा नुसते हादरे झेलत नाही, ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. टांग्यात बसलेल्यांना कमान माहीत असेल. ही तिचीच थोरली बहीण.

१९८७च्या पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना आमच्या गाडीचा डावा मेन पाटा पुढच्या डोळ्याजवळ तुटला. मी अब्बांच्या शेजारी बसलो होतो. ॲक्सल एका अंगानं मागे सरकला आणि गाडी तिरकी पळू लागली. अब्बांनी ती डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून हे सांगायला मी आहे. त्यांचा खांदा मात्र पुढे कधी पुरता वर गेला नाही. त्यानंतर आम्ही काय केलं? नवा मेन पाटा घातला आणि त्याखाली आणखी एक पाटा वाढवला. मालाची भरती काही कमी केली नाही.

कऱ्हाडात पाट्यांचं काम करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. माझं म्हणणं ऐकून ते म्हणाले, "भाई, न उघडता पाटा वाढवायचा म्हंजी दुखणं झाकायचं. आदी मापू, मग खोलू."

रिकामी गाडी सपाट फरशीवर घेतली. चारी चाकांत ठरलेली हवा भरली. ॲक्सलपासून चासीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. डावी बाजू सव्वा इंच खाली होती. मग गाडी उचलून चासीखाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली कुणी शिरू नये. जुडगं बाहेर काढल्यावर सेंटर बोल्ट सोडण्याआधी त्याला क्लॅम्प लावला. दाबून बांधलेले पाटे एकदम सुटले तर हात जायबंदी होतो.

एकेका पाट्यावर खडूनं नंबर घातला, तारेच्या ब्रशनं गंज काढला. मग मिस्त्रींनी पाटा रॉकेलनं भिजवला, कोरडा पुसला आणि वर खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळानं मेन पाट्यावर केसासारखी काळपट रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल वर आलं होतं. चीर निघाली होती ती नेमकी आम्ही वाढवलेल्या पाट्याचं टोक रुतून पडलेल्या खाचेतून. जो आधाराला घातला, तोच मेन पाटा कापत होता.

असं का झालं, ते मिस्त्रींनी दाखवलं. चांगल्या जुडग्यात प्रत्येक धाकट्या पाट्याला थोरल्यापेक्षा किंचित जास्त कमान असते. सुटे ठेवले तर दोघांच्या मधोमध फट दिसते. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते आणि मेन पाट्यावर भाराच्या उलट दिशेचा ताण आधीच बसतो. मग माल भरला की त्याचं ओझं हलकं होतं, सगळे मिळून वाहतात. दुसऱ्या गाडीचा, वेगळ्या कमानीचा पाटा मध्ये घातला की ही वाटणी बिघडते. गाडी उंच दिसते, पण जोर एकाच जागी येतो.

चिरलेला मेन पाटा बाद केला, वाढवलेला पाटाही काढून टाकला. उरलेल्यांत चीर नव्हती, ते नुसते बसले होते. त्यांना पुन्हा कमान द्यायची होती. फरशीवर खडूनं कमान काढली. पाटा थंडच ऐरणीवर धरायचा, मधून टोकाकडे थोड्या थोड्या अंतरावर घण घालायचा आणि खडूच्या रेघेवर ठेवून बघायचा. मी विचारलं, "तापवून वाकवला तर लवकर होईल ना?"

"लवकर व्हईल आन् लवकर बसंल," मिस्त्री म्हणाले.

स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. आपण पाणी म्हणतो, पण ते देतात तेलात. पाटा साधारण ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा ४०० ते ५०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. गॅसनं एका जागी लाल करून वाकवलं की तिथलं हे पाणी उतरतं. कमान दिसायला छान येते, पण तिच्यात जोर राहत नाही. तापवायचंच असेल, तर भट्टीत हे सगळं पुन्हा करावं लागतं.

उजवी बाजू धड दिसत होती, तरी तीही उघडली. पाटे जोडीनंच करायचे, नाहीतर गाडी दुसरीकडे कलते. दोन्हीकडे नवा मेन पाटा, नवे बुश, नवा सेंटर बोल्ट. यू-बोल्टही नवेच घातले, कारण एकदा ताणलेल्या बोल्टवर भरवसा ठेवता येत नाही. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात दिला. शेवटी पुन्हा मापलं, तर दोन्ही बाजूंत पाव इंचाचाही फरक नव्हता. दोन-तीनशे किलोमीटर चालवून झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले.

गाडी रंगवायला दिली, तेव्हा पेंटर म्हणाला, "भाई, तुम्ही कविता करता. मागच्या फाळक्यावर एखादी ओळ लिहू?"

मी म्हटलं, "पासिंगचं वजन लिही. मोठ्या अक्षरात."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)