ई-पुस्तकाचे साध्या संहितेत रूपांतर

ई-पुस्तकाचे साध्या संहितेत रूपांतर : संगणकावर किंवा वाचनयंत्रावर वाचण्यासाठी बांधलेल्या पुस्तकातील मजकूर, त्याची ग्रंथनोंद व प्रकरणांचा क्रम ही अंगे एकमेकांपासून वेगळी करून कोणत्याही संगणकावर वाचता व दुरुस्त करता येतील अशा अक्षरमात्र फाईलींत उतरविण्याची प्रक्रिया. यांपैकी मजकूर ज्या फाईलीत येतो तिला साधी संहिता म्हणतात. तीत टंकाचा प्रकार, आकार, रंग वा पृष्ठमांडणी यांविषयी काहीही नोंदलेले नसते. ग्रंथनोंद व क्रम ज्या फाईलीत येतात तिला विन्यास-फाईल म्हणता येईल. एखाद्या आज्ञावलीने काम कसे करावयाचे, हे सांगणाऱ्या छोट्या छोट्या ओळी तीत असतात. या दोन प्रकारच्या फाईलींवरून मूळ पुस्तक पुन्हा बांधता येणे, हीच रूपांतर यशस्वी झाल्याची कसोटी होय.

रूपांतराची गरज : छापील ग्रंथ वाचण्यास डोळे व उजेड एवढे पुरते ई-पुस्तकास मात्र ते उघडणारी आज्ञावलीही लागते, आणि आज्ञावलीचे आयुष्य ग्रंथाच्या मानाने अल्प असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००० मध्ये आपली स्वतंत्र पुस्तकरचना व ती वाचणारी आज्ञावली प्रचारात आणली परंतु २०१२ मध्ये ती बंद केली. याच कंपनीने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले तरी विकत घेतलेली पुस्तके मात्र वाचता येईनाशी झाली. याउलट अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकात टंकित केला व त्यातून गुटेनबर्ग प्रकल्पाचा आरंभ झाला. या प्रकल्पाने साध्या संहितेचा आग्रह धरल्यामुळे त्याची जुनी पुस्तके संगणकांच्या अनेक पिढ्या उलटल्या तरी वाचता येतात. केवळ अक्षरांचे संकेत साठविणारी फाईल कोणा एका कंपनीच्या आज्ञावलीवर अवलंबून नसते, हे त्याचे कारण होय.

ई-पुस्तकाची अंतर्गत रचना : सर्वाधिक प्रचलित खुली रचना ‘ईपब’ ही होय. १९९९ मधील ‘ओपन ईबुक’ या रचनेतून ती विकसित झाली व २००७ मध्ये इंटरनॅशनल डिजिटल पब्लिशिंग फोरम या संस्थेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये निघाली. २०१७ मध्ये ही संस्था वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये विलीन झाली आणि २०२३ मध्ये ३.३ ही आवृत्ती या संघटनेची अधिकृत शिफारस ठरली.

ईपब फाईल बाहेरून एकच दिसत असली, तरी वस्तुतः ती झिप पद्धतीने दाबून बांधलेले अनेक फाईलींचे गाठोडे असते. गाठोड्यातील पहिली फाईल न दाबता ठेवलेली असून ‘हे ईपब पुस्तक आहे’ एवढेच तीत सांगितलेले असते. दुसरी एक फाईल मुख्य नोंदफाईल कोठे आहे, ते दाखविते. या मुख्य नोंदफाईलीचे तीन प्रमुख भाग असतात : (१) ग्रंथनोंद, म्हणजे शीर्षक, लेखक, भाषा, ओळखक्रमांक इत्यादी (२) गाठोड्यातील सर्व फाईलींची यादी आणि (३) त्या फाईली कोणत्या क्रमाने वाचावयाच्या हे सांगणारा भाग. यास ‘कणा’ असे म्हणतात. ग्रंथनोंदीतील पदे १९९५ मध्ये अमेरिकेतील डब्लिन (ओहायओ राज्य) येथे भरलेल्या परिषदेतून पुढे आलेल्या ‘डब्लिन कोअर’ या १५ घटकांच्या पद्धतीनुसार असतात त्यांपैकी शीर्षक, भाषा व ओळखक्रमांक ही ईपबमध्ये अनिवार्य आहेत. प्रत्यक्ष मजकूर संकेतस्थळांसाठी वापरतात तशाच खूणभाषेत असतो. परिच्छेद, मथळा, तिरपा टंक, तळटीप इत्यादींच्या खुणा कोनी कंसांत घालून त्या मजकुरातच गुंफलेल्या असतात.

रूपांतराची पद्धती : प्रथम गाठोडे सोडवून मुख्य नोंदफाईल शोधतात. नंतर कण्यात दिलेल्या क्रमानेच एकेक फाईल घेऊन तीतील खुणा काढतात वा त्यांचे साध्या चिन्हांत रूपांतर करतात. फाईलींच्या नावांवरून क्रम लावणे ही नवशिक्यांच्या हातून नेहमी घडणारी चूक होय. साने गुरुजींची श्यामची आई (१९३५) ही कथा ४२ रात्रींत सांगितलेली आहे. प्रत्येक रात्रीची वेगळी फाईल करून तिला १, २, ३ असे क्रमांक दिले आणि संगणकाकडून त्या वर्णानुक्रमे लावून घेतल्या, तर पहिल्या रात्रीनंतर दहावी, अकरावी अशा एकोणिसावीपर्यंतच्या रात्री येऊन मग दुसरी रात्र येते. अक्षरन् अक्षर शाबूत राहूनही पुस्तक मात्र विस्कटते. यासाठी कण्यातील क्रम प्रमाण मानावा लागतो, किंवा क्रमांक ०१, ०२ असे समान अंकांचे लिहावे लागतात.

खुणा सरसकट काढून टाकल्यास मथळा व परिच्छेद यांतील भेद नाहीसा होतो, तळटीपा मजकुरात मिसळतात व कवितेच्या ओळी एकापुढे एक चिकटतात. हे टाळण्यासाठी ‘मार्कडाउन’ ही २००४ मध्ये जॉन ग्रूबर यांनी प्रसिद्ध केलेली लेखनपद्धती उपयोगी पडते. तीत मथळ्यापूर्वी एक विशिष्ट चिन्ह व ठळक शब्दाभोवती तारका लिहितात. त्यामुळे फाईल साधी संहिताच राहते आणि रचनाही टिकते. चित्रे संहितेत उतरविता येत नाहीत ती वेगळ्या फाईलींत ठेवून मजकुरात त्यांचा केवळ निर्देश करतात. हे सर्व काम करणाऱ्या आज्ञावलींमध्ये जॉन मॅकफार्लेन यांची ‘पॅनडॉक’ व कोविद गोयल यांची ‘कॅलिबर’ या दोन प्रसिद्ध आहेत. दोहोंचाही आरंभ २००६ मधील असून त्या विनामूल्य मिळतात.

विन्यास-फाईल : ग्रंथनोंद व क्रम मूळ ईपबमध्ये खूणभाषेत असल्यामुळे माणसाला त्या वाचणे व सुधारणे कष्टाचे होते. म्हणून त्यांचे ‘नाव व मूल्य’ अशा जोड्यांत रूपांतर करतात. मराठीत नमुना दाखवावयाचा झाल्यास तो असा होईल :

शीर्षक = श्यामची आई
लेखक = साने गुरुजी
भाषा = मराठी
क्रम = रात्र ०१, रात्र ०२, रात्र ०३

अशा फाईलींचे ‘आयएनआय’, ‘यॅमल’ (२००१) व ‘टॉमल’ (२०१३) हे प्रकार रूढ आहेत. पॅनडॉक ईपबमधील ग्रंथनोंद मार्कडाउन फाईलीच्या आरंभी यॅमलच्या ओळींत लिहू शकते. ‘एमडीबुक’ या ग्रंथबांधणीच्या आज्ञावलीत पुस्तकाची नोंद टॉमल फाईलीत, तर प्रकरणांचा क्रम एका वेगळ्या साध्या संहितेत असतो. एखादे नाव सुधारावयाचे किंवा प्रकरण मागेपुढे करावयाचे असल्यास एक ओळ बदलून पुस्तक पुन्हा बांधता येते आणि कोणती ओळ केव्हा बदलली, हेही सहज पडताळता येते.

विन्यास-फाईलीत विरामचिन्हांना व्याकरणाहून वेगळा अर्थ असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. यॅमलमध्ये अपूर्णविराम व त्यानंतरची मोकळी जागा यांचा अर्थ ‘येथे नाव संपले, मूल्य सुरू झाले’ असा होतो. मराठीत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकित करण्याची चूक सर्रास आढळते. ‘पुनः एकदा’ असे शीर्षक अपूर्णविरामाने लिहिले गेल्यास डोळ्यांना फरक कळत नाही, पण आज्ञावली अडून बसते. शीर्षक अवतरणचिन्हांत घालणे व विसर्ग शुद्ध लिहिणे, हा त्यावर उपाय होय. यॅमलच्या जुन्या आवृत्तीत ‘नो’ हा इंग्रजी शब्द नकारार्थी मूल्य समजला जात असे. नॉर्वेजियन भाषेचा संक्षेपही त्याच दोन रोमन अक्षरांचा असल्यामुळे भाषेच्या जागी नकार नोंदला जाण्याचे प्रकार घडत. २००९ मधील १.२ या आवृत्तीने हा नियम बदलला, तरी अनेक आज्ञावली जुन्या नियमानेच चालत राहिल्या.

देवनागरी संहितेचे प्रश्न : संगणक अक्षराऐवजी त्याचा संकेतांक साठवितो. यूनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीसाठी १२८ संकेतस्थानांचा मुख्य गट राखून ठेवलेला आहे. त्यांची साठवण बहुधा ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने होते. तीत मूळ रोमन अक्षरास एक बाइट, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. त्यामुळे फाईल अन्य पद्धतीची समजून उघडल्यास इंग्रजी मजकूर नीट दिसतो, पण मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

यूनिकोड रुळण्यापूर्वी मराठी ग्रंथांची अक्षरजुळणी अशा टंकांत होत असे, की ज्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. अशा पुस्तकातून टंक वजा केला, की उरतो तो रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग. तो सोडविण्यास त्या त्या टंकाचे कोष्टक लागते. केवळ चिन्हास चिन्ह बदलूनही भागत नाही, कारण जुन्या टंकांत चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठविलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी व रफार नंतर येतो. यूनिकोडमध्ये क्रम उच्चारानुसार असल्याने वेलांटी मागे व रफार पुढे आणावा लागतो.

याहून सूक्ष्म प्रश्न अर्ध्या ‘र’च्या चंद्राकृती रूपाचा आहे. हे रूप दोन प्रकारे साठविता येते आणि त्यांपैकी एकात शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह असते. न दिसणारी चिन्हे निरुपयोगी समजून आज्ञावलीने ती पुसून टाकली, तर ‘आचाऱ्यास’ या शब्दाचे ‘आचार्यास’ होते, म्हणजे स्वयंपाक्याला दिलेले वेतन गुरूच्या नावे जमा होते. ‘दऱ्या’ओलांडणारा प्रवासीही अशाच रीतीने ‘दर्या’ओलांडू लागतो. इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेले सफाईचे नियम मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते यामुळे.

विधिविषयक मर्यादा : रूपांतर करणे तांत्रिक दृष्ट्या शक्य असले, म्हणून ते नेहमी विधिसंमत असतेच असे नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या ग्रंथांवर प्रताधिकार असतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाल्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०११ पासून प्रताधिकारमुक्त झाले. अनेक विक्रेते ई-पुस्तकास तांत्रिक कुलूप घालतात. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली घातलेल्या कलम ६५-अ अन्वये गुन्हा असून त्यास २ वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. त्याच वेळी केलेल्या दुसऱ्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात ग्रंथ उपलब्ध करून देण्यास मुभा दिली. दृष्टिहीन वाचकांसाठीचा माराकेश करार (२०१३) संमत करणारा भारत हा पहिला देश होय (२०१४).

उपयोग व मूल्यमापन : साध्या संहितेतील पुस्तक संगणकाकडून मोठ्याने वाचवून घेता येते, त्याचे ब्रेल लिपीत रूपांतर करता येते, त्यातील शब्दांची सूची करता येते व दोन आवृत्त्यांतील पाठभेद ओळीओळीने ताडून पाहता येतात. ग्रंथसंपादक, कोशकार व ग्रंथपाल यांना या सोयी विशेष मोलाच्या आहेत. सचित्र बालपुस्तके, गणिती ग्रंथ आणि पृष्ठाच्या मांडणीलाच अर्थ असलेली पुस्तके यांना मात्र ही पद्धती अपुरी पडते. नुसत्या पृष्ठप्रतिमा असलेल्या पुस्तकातून तर आधी अक्षरे यंत्राने ओळखून घ्यावी लागतात व तो मजकूर माणसाने तपासावा लागतो.

रूपांतर पूर्ण झाल्यावर प्रकरणांची व तळटीपांची संख्या मूळाशी ताडून पाहणे, काही पाने शब्दशः वाचणे आणि नव्या फाईलींवरून पुस्तक पुन्हा बांधून पाहणे आवश्यक असते. मूळ ई-पुस्तकही जपून ठेवावे लागते, कारण रूपांतरात काय गळले हे पुढे त्यावरूनच कळू शकते. जुन्या पोथीची नक्कल करणारा लेखक मूळ पोथी समोर ठेवूनच लेखन शोधीत असे. साधने बदलली, तरी या कामातील ती जबाबदारी कायम आहे.