विश्लेषण : झोपेत अडकणाऱ्या श्वासाचा सुगावा दातांच्या दवाखान्यात कसा लागतो?

घोरणे हा आजार असू शकतो असे मानून डॉक्टरकडे जाणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात विरळाच. घोरणाऱ्याला ‘गाढ झोप लागते’ असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. त्रास होतो तो शेजारी झोपणाऱ्याला. मात्र दाढ दुखली, दात झिजून पाणी पिताना कळ येऊ लागली किंवा खर्ऱ्यामुळे तोंड उघडेना, की हाच माणूस दंतवैद्याची खुर्ची गाठतो. झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराच्या खुणा तिथे, उघड्या तोंडात, अनेकदा समोरच असतात. त्या ओळखून रुग्णाला पुढे पाठवणे आणि निदान पक्के झाल्यावर योग्य रुग्णाला तोंडात बसवायचे उपकरण करून देणे, ही दोन कामे दंतवैद्य करू शकतो. मधले काम, म्हणजे निदान, त्याचे नाही. आणि लहान गावात साखळी तुटते ती या मधल्या कडीशीच.

नेमका आजार कोणता?

झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. जीभ आणि मऊ टाळू मागे पडतात. श्वासाची वाट अरुंद झाली की हवा जाताना घशाच्या भिंती थरथरतात, तेच घोरणे. वाट पूर्णच बंद झाली तर छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठा सुस्कारा टाकून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. याला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक प्रसंग धरतात. तासाला असे थांबण्याचे किंवा श्वास उथळ होण्याचे प्रसंग ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्याहून अधिक असतील तर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एक, हे लक्षात घेतले की ‘आठ तास झोपूनही अंग जड का’ याचे उत्तर मिळते.

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले तेव्हा डॉक्टरांनी कारणांत याच आजाराचे नाव घेतले आणि हा शब्द पहिल्यांदा घराघरात पोहोचला. आजार मात्र त्याआधीही मोजला गेला होता. मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांवरचा डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसा झोप येण्याच्या लक्षणासह हा आजार असलेल्यांचे प्रमाण ७.५ टक्के निघाले. दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशातले अभ्यास एकत्र करून काम करण्याच्या वयातील सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना तो असावा, असा अंदाज मांडला. उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध आहे. दिवसा डुलकी लागणारा माणूस ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडी चालवत असेल, तर धोका त्याच्या एकट्यापुरता उरत नाही.

दंतवैद्याला तोंडात काय दिसते?

तज्ज्ञ डॉक्टर घसा पाहतो तो काही सेकंद. दंतवैद्य त्याच तोंडात अर्धा-पाऊण तास दिवा लावून काम करत असतो. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले असतील तर जीभ जबड्याच्या मानाने मोठी आहे, किंवा जबडा जिभेच्या मानाने लहान. हनुवटी मागे गेलेली, टाळू उंच आणि अरुंद, खालचे दात दाटीने वाकडेतिकडे, टॉन्सिल मोठे, पडजीभ लांब आणि लालसर, या सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. रात्रभर तोंडाने श्वास घेणाऱ्याचे तोंड सकाळी कोरडे पडते, लाळ कमी झाल्याने कीड वाढते, पुढच्या हिरड्या सुजतात. काहींचे दात झोपेत दात खाण्याने सपाट झालेले असतात.

तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगितली, की मागे पडजीभ आणि मऊ टाळू किती दिसतो यावरून श्रेणी ठरवण्याची एक सोपी पद्धत आहे. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते शेषगिरी राव मल्लमपती हे मूळचे आंध्र प्रदेशातले भूलतज्ज्ञ. १९८५ मध्ये त्यांनी ती मांडली तेव्हा हेतू वेगळा होता : भूल देताना घशात नळी घालणे कुणाला अवघड जाईल याचा अंदाज घेणे. पडजीभ अजिबात न दिसणाऱ्यांमध्ये झोपेत श्वास अडकण्याची शक्यताही जास्त असते, हे नंतर ध्यानात आले. या तपासणीला ना यंत्र लागते ना वीज.

आणखी एक गोष्ट. हा आजार फक्त लठ्ठ माणसांचा, हा समज आपल्याकडे विशेष घातक ठरतो. जबडा लहान असेल तर वजन बेताचे असलेल्यालाही तो होतो, आणि जबड्याची ठेवण डोळ्यात भरते ती दाताच्याच डॉक्टरला.

मग निदान तिथेच का नाही?

कारण यातली एकही खूण पुरावा नाही. जिभेवर ठसे असूनही शांत झोपणारे पुष्कळ असतात. एक्स-रे किंवा स्कॅनमध्ये श्वासमार्ग अरुंद दिसला तरी ते चित्र जाग्या माणसाचे असते. झोपेत काय होते ते त्यात उमटत नाही. निदानासाठी रात्रीची झोप-चाचणी लागते. प्रयोगशाळेतल्या पूर्ण चाचणीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, नाकातून जाणारी हवा, छाती-पोटाची हालचाल, हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन यांची एकत्र नोंद होते. दुसरा आजार नसलेल्या आणि शंका बळकट असलेल्या प्रौढांची चाचणी लहान यंत्र देऊन घरीही करता येते. चाचणीचा अर्थ लावायचा तो फुप्फुसरोग, कान-नाक-घसा किंवा निद्राविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरने.

पुढे कुणाला पाठवायचे हे ठरवायला ‘स्टॉप-बँग’ नावाची आठ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. टोरांटोतील भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांनी ती २००८ मध्ये मांडली. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबल्याचे कुणी पाहिले आहे का, रक्तदाब आहे का, वजन उंचीच्या मानाने फार जास्त आहे का, वय ५० च्या पुढे आहे का, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा अधिक आहे का आणि पुरुष आहात का. तीन ‘हो’ आले तर शंका, पाच किंवा अधिक आले तर दाट शंका. दात काढायला आलेल्याला ही यादी विचारायला दोन मिनिटे पुरतात. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०१७ मध्ये दंतवैद्यांनी अशी चाळणी करावी, असे धोरणच जाहीर केले.

तोंडातले उपकरण कसे काम करते?

वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पट्ट्या एकमेकींना अशा जोडतात की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि तिच्यामागची वाट मोकळी होते. बेशुद्ध माणसाचा जबडा पुढे ओढून श्वास मोकळा करतात, तेच तत्त्व. कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर रोबॅं यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान जबड्याच्या बाळांची जीभ मागे पडून श्वास कोंडतो हे दाखवले आणि जबडा पुढे धरणारे उपकरणही वापरले.

मध्यम आणि तीव्र आजारात पहिला उपाय मात्र आजही सीपॅप हाच. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणले. ते लावले की श्वास थांबण्याचे प्रसंग जवळजवळ नाहीसे होतात. अडचण वापरण्याची आहे. मास्क टोचतो, नाक कोरडे पडते, कित्येक जण मध्यरात्री तो काढून ठेवतात. गावात वीज गेली आणि बॅटरीची सोय नसली, तर यंत्र बंद. उपकरण प्रसंगांचा आकडा सीपॅपइतका खाली आणत नाही, पण रात्रभर तोंडात राहते. त्यामुळे अनेक रुग्णांत दिवसाची झोप आणि रक्तदाब यांवरचा परिणाम दोन्हींचा जवळपास सारखाच येतो. अमेरिकेतील निद्रावैद्यक आणि दंत-निद्रावैद्यक संघटनांनी २०१५ च्या संयुक्त मार्गदर्शनात, सीपॅप सोसत नसणाऱ्या किंवा दुसरा उपाय हवा असणाऱ्या प्रौढांना हे उपकरण द्यावे असे सांगितले; ते मापाने बनवलेले, पुढे-मागे सरकवता येणारे आणि प्रशिक्षित दंतवैद्याने दिलेले असावे, ही अट घालून. गरम पाण्यात मऊ करून चावायच्या, ऑनलाइन मिळणाऱ्या पट्ट्या या अटीत बसत नाहीत.

तोटेही आहेत. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबड्याचा सांधा दुखतो, काही वर्षांनी दातांची पकड थोडी बदलू शकते. आणि घोरणे थांबले म्हणजे आजार थांबला असे नव्हे. उपकरण तोंडात असताना चाचणी पुन्हा करावी लागते. हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो.

खर्ऱ्याचा इथे काय संबंध?

विदर्भात हा प्रश्न टाळून चालत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा तोंडातले अस्तर ताठ करतो. सुपारीमुळे होणाऱ्या या आजारात गालांत पट्टे तयार होतात, मऊ टाळू घट्ट होतो, पडजीभ आक्रसते आणि तोंड दोन बोटेही उघडेनासे होते. तो कर्करोगाच्या आधीची पायरी ठरू शकतो, हे तर आहेच. झोपेच्या दृष्टीने अडचण अशी, की तोंड उघडत नसेल तर घशाची तपासणी होत नाही, दातांचे माप घेण्याची ट्रे आत जात नाही आणि जबडाही मोकळेपणाने पुढे सरकत नाही. उपकरणाला आधारासाठी प्रत्येक जबड्यात साधारण सहा ते दहा मजबूत दात लागतात. तंबाखूने हिरड्या खाल्लेल्या तोंडात तेवढे उरलेच असतील असे नाही. म्हणजे ज्या माणसाला सीपॅप परवडत नाही, त्याचा दुसरा पर्यायही खर्रा आधीच काढून घेतो.

रात्री दात खाणाऱ्यांनी काय पाहावे?

झिजलेले दात वाचवण्यासाठी फक्त वरच्या दातांवर बसणारी ‘नाइट गार्ड’ देण्याची सर्रास पद्धत आहे. दात त्याने वाचतात. पण श्वास अडकण्याचा आजार आधीच असलेल्या काही रुग्णांत अशा पट्टीने तो वाढल्याचे एका छोट्या अभ्यासात दिसले आहे. म्हणून पट्टी बनवण्यापूर्वी घोरण्याबद्दल विचारणे गरजेचे. डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे.

लहान मुलांचे गणित वेगळे. सतत तोंड उघडे ठेवून झोपणारे, घोरणारे, मोठे होऊनही अंथरूण ओले करणारे, शाळेत चिडचिड करणारे मूल आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यायचे, कारण बहुतेकदा दोष वाढलेल्या टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइडचा असतो. टाळू अरुंद असेल तर दात सरळ करणारे तज्ज्ञ तो वाढत्या वयात रुंद करू शकतात.

दारव्ह्याहून वाट कशी?

यवतमाळ सुमारे ४० किलोमीटरवर. तिथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथे वैद्यकीय रुग्णालय आणि शरद पवार दंत महाविद्यालय एकाच आवारात आहेत. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलला लागूनच आहे. या आजारात छातीचा डॉक्टर आणि दाताचा डॉक्टर एकमेकांशी बोलणे औषधाइतकेच महत्त्वाचे असल्याने अशा जोड ठिकाणांचा फायदा होतो. दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला आता धावत नाही. एसटीने एवढे अंतर तोडून गेल्यावर ‘झोप-चाचणीसाठी पुढच्या महिन्यात या’ हे ऐकायला लागू नये, म्हणून चाचणीची वेळ आणि खर्च फोनवर आधी विचारलेला बरा.

निघताना तीन गोष्टी सोबत हव्यात. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी, दंतवैद्याने तोंडात काय पाहिले याची दोन ओळींची नोंद आणि घरच्यांनी रात्री मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण. घोरणे मध्येच थांबते, छाती हलत राहते आणि मग मोठा सुस्कारा येतो, एवढे त्यात टिपले गेले तरी डॉक्टरांचा पहिला प्रश्न सुटतो.