घर सजवलं तुमच्या आवडीनं, घेणार कोण?

धंद्याला भांडवल हवं म्हणून फ्लॅट विकायला काढलाय. माणसं येतात, चहा घेतात, 'कळवतो' म्हणतात आणि गायब होतात. असं चाललंय का तुमचं?

समजा, नाशिकमधला टू बीएचके आहे. तुम्ही हौसेनं ओपन किचन केलं, भिंती गडद राखाडी, ड्राय बाल्कनी आत घेतली, बाथरूममध्ये टब. दिसतंय छानच. पण बघायला आलेल्या काकू विचारतात, "देवघर कुठंय? भांडी कुठे घासायची? फोडणीचा ठसका हॉलपर्यंत येणार ना?" काका गप्प बसलेले असतात. त्यांच्या डोक्यात तोडफोडीचा हिशेब चालू असतो.

तुम्ही म्हणता, "इंटिरिअरला 8 लाख घातलेत, ते तरी निघायला हवेत." खरी गोची इथेच आहे. बँकेचा व्हॅल्युअर साधारणपणे फ्लॅटची किंमत धरतो, तुमच्या हौसेची नाही. त्यानं 60 लाख लावले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात 80 टक्क्यांपर्यंतच, म्हणजे 48 लाख मिळणार. तुम्ही 68 मागितले की गिऱ्हाइकाला 12 ऐवजी 20 लाख स्वतःचे घालावे लागतात. वर मुद्रांक शुल्क वेगळं. ते 8 लाख तो कशाला देईल, त्याला नको असलेल्या टबासाठी?

"माझ्यासारखी आवड असलेला कुणीतरी येईल," असं वाटत असेल, तर थांबायचा खर्च काढा. दुकानासाठी 20 लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी घेतलं असेल, तर महिन्याला 20 हजार नुसतं व्याज. सहा महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास गेले की!

मग काय करायचं? भिंतींना आधी प्रायमर मारा (गडद रंग खालून डोकावतो), मग ऑफ-व्हाईट. किचनला सरकतं काचेचं पार्टिशन बसवा. ईशान्य कोपरा मोकळा करून छोटं देवघर ठेवा, तुमची श्रद्धा असो वा नसो. टबाला मात्र हात लावू नका, फरशी-प्लंबिंगचा खर्च वाढत जातो. त्यापेक्षा बोलणी करताना किमतीत थोडं सोडा.

आणि मधली भिंत पाडली असेल तर? ते रंगाएवढं सोपं नाही. मंजूर नकाशाशी घर जुळलं नाही, तर गिऱ्हाइकाचं कर्ज अडकू शकतं. नकाशाची प्रत आजच सोसायटीकडे मागा, मगच पुढचं गिऱ्हाईक बोलवा.