टेनिस-स्पर्धांचे दूरचित्रवाणी-प्रक्षेपण आणि वऱ्हाडातील प्रेक्षक

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून आले, ही गोष्ट वऱ्हाडात सर्वश्रुत आहे. त्याच ऑलिम्पिकचे दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपण झाले आणि बर्लिनच्या नागरिकांनी त्यासाठी उघडलेल्या सार्वजनिक दालनांत बसून ते पाहिले, ही गोष्ट मात्र तितकी परिचित नाही. पुढच्याच वर्षी, जून १९३७ मध्ये, बी.बी.सी.ने विंबल्डनचे टेनिस-सामने दूरचित्रवाणीवर दाखविले. ते पाहणारा वर्ग लंडन व त्याच्या आसपासच्या टापूपुरता मर्यादित होता. खेळ आणि दूरचित्रवाणी यांचा संबंध असा प्रारंभापासूनचा आहे. आणि ‘हा खेळ कोणास दिसतो व कोणास दिसत नाही’ हा प्रश्नही तेव्हापासूनचाच आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात मांडावयाचा आहे. तो केवळ करमणुकीचा नाही. टेनिसचे नियम पुस्तकावरून शिकता येतात. परंतु चेंडूस दिलेली फिरकी, सर्व्हिस परतविताना घेतलेला पवित्रा, जाळ्याकडे धावण्याची अचूक वेळ या गोष्टी पाहिल्यावाचून उमगत नाहीत. ज्या जिल्ह्यांत श्रेष्ठ दर्जाचे सामने होत नाहीत, तेथील शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यास दूरचित्रवाणी ही एक प्रकारची पाठशाळाच होय.

प्रथम या पाठशाळेच्या मार्गात क्षितिज आडवे आले. दूरचित्रवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या लघुलहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वक्रतेस अनुसरून त्या फारशा वळत नाहीत. मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास ४.१२ ने गुणले असता, वातावरणातील वक्रीभवन जमेस धरून, लहरींच्या क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. १५० मीटर उंचीच्या मनोऱ्यास हे अंतर सुमारे ५० कि.मी. भरते. घरावरील एरियल १० मीटर उंचीवर असेल तर त्यात आणखी १३ कि.मी.ची भर पडते. म्हणजे सपाट प्रदेशात अशा मनोऱ्याचा भरवशाचा पल्ला ६०-६५ कि.मी.च्या पुढे जात नाही.

या हिशेबाने महाराष्ट्राकडे पाहावे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि लवकरच सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यासही त्याचा लाभ मिळाला. गडाची उंची पुण्याच्या कामी आली. पूर्णेच्या खोऱ्यातील पायनघाटास असा आधार नव्हता. नागपुरास १९८२ मध्ये दूरदर्शन आले खरे. परंतु तेथून अमरावती सरळ रेषेत सुमारे १४० कि.मी., तर अकोला सुमारे २२० कि.मी. दूर आहे. नागपूरचा मनोरा कितीही बलवान केला असता तरी अकोल्याच्या छपरांवर त्याचे चित्र नियमितपणे उतरणे शक्य नव्हते.

ही अडचण उपग्रहाने दूर केली. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० कि.मी. उंचीवर असलेला भूस्थिर उपग्रह अख्ख्या देशास एकाच वेळी दिसतो. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी अवकाशात गेल्यानंतर, १९८४ मध्ये देशभर अल्पशक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभारण्यात आली. अशा केंद्रास स्वतःचा कार्यक्रम नसे. उपग्रहाकडून आलेला संकेत तबकडीवर घ्यावयाचा आणि आसपासच्या वीस-पंचवीस कि.मी.च्या टापूत तो पुन्हा प्रक्षेपित करावयाचा, एवढेच त्याचे काम. लंडनमध्ये दुपारी दोन वाजता सुरू होणारा विंबल्डनचा अंतिम सामना आपल्याकडे सायंकाळी साडेसहास दिसू लागला तो याच साखळीने. (२०२५ पासून हा सामना लंडनच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता, म्हणजे आपल्या रात्री साडेआठ वाजता सुरू होतो.) पेरणी आटोपून निंदण-डवरणीची कामे चालू असण्याच्या दिवसांत सायंकाळी घरी परतलेल्या माणसास ही वेळ गैरसोयीची नव्हती.

क्षितिजाचा अडथळा असा संपला. त्याची जागा स्वामित्वाच्या अडथळ्याने घेतली. खाजगी वाहिन्या आल्यानंतर स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा हक्क ही विक्रीची वस्तू झाली. १९९३ च्या हीरो चषक क्रिकेट-सामन्यांवरून उद्भवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, ध्वनिलहरींचे माध्यम ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. पुढे २००७ च्या अधिनियमान्वये असे ठरले की, राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचा संकेत हक्कधारकाने, स्वतःच्या जाहिराती वगळून, प्रसार भारतीस त्याच वेळी द्यावा. जाहिरातींच्या उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा ७५ टक्क्यांहून कमी नसावा, असेही दूरचित्रवाणीपुरते नमूद झाले. टेनिसपैकी डेव्हिस चषकातील भारताच्या लढती आणि चार प्रमुख स्पर्धांमधील एकेरीचे अंतिम सामने अशा सूचीत आले.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१८ ते २०२३ या काळात पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात ‘महाराष्ट्र खुली’ ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाच वेळा भरली. २०१९ मध्ये केव्हिन अँडरसन एकेरीत विजयी झाला. २०२२ मध्ये रोहन बोपण्णा व रामकुमार रामनाथन यांनी दुहेरीचे विजेतेपद मिळविले. ही स्पर्धा आपल्या राज्यातील. परंतु ती वरील चार प्रमुख स्पर्धांपैकी नव्हे. त्यामुळे अकोल्यापासून सात हजारांहून अधिक कि.मी. दूर असलेल्या लंडनमधील अंतिम सामन्याचा संकेत मागण्याचा अधिकार सार्वजनिक प्रक्षेपकास होता. सुमारे चारशे कि.मी.वरील बालेवाडीच्या सामन्याबाबत तसा अधिकार नव्हता. अर्थात अधिकार असणे आणि तो बजावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अधिनियम संकेत मिळविण्याची वाट मोकळी करतो. तो सामना दाखविलाच पाहिजे अशी सक्ती करीत नाही.

दुसरी विसंगती याहून सूक्ष्म आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा रीतीने मिळालेला संकेत प्रसार भारतीने केवळ स्वतःच्या भूस्थित प्रक्षेपणावर व स्वतःच्या थेट-घरी उपग्रहसेवेवर दाखवावा. केबलचालकांमार्फत तो पुढे जाऊ नये. त्यानंतरच्या काही वर्षांत भूस्थित प्रक्षेपण केंद्रे, थोडी अपवादात्मक ठिकाणे वगळता, बंद करण्यात आली. शिल्लक राहिली ती एकटी विनाशुल्क उपग्रहसेवा, म्हणजे डीडी फ्री डिश. परिणाम असा की, मेळघाटाच्या पायथ्याशी आग्नेयेकडे तोंड केलेली तबकडी बसविणारे कुटुंब, मासिक वर्गणी न भरता, असा सामना पाहू शकते. अमरावती शहरात केबलची वर्गणी भरणाऱ्या घरात मात्र, हक्कधारकाची सशुल्क वाहिनी घेतलेली नसल्यास, दूरदर्शनच्या क्रीडावाहिनीवर तोच सामना दिसत नाही. जुन्या काळी शहर मनोऱ्याजवळ असल्यामुळे भाग्यवान ठरे. येथे क्रम उलटा झाला आहे.

या विवेचनावरून असे म्हणता येईल की, वऱ्हाडातील प्रेक्षकापुरते ‘अंतर’ या शब्दाचा अर्थ पालटला आहे. १९८२ मध्ये ते मनोऱ्यापासून मोजावे लागे. आता ते अधिसूचनेतील नोंद, संकेत पोहोचविणारी सेवा आणि घराची वर्गणी या तिहींवरून मोजावे लागते. या तिहींपैकी पहिल्या दोन गोष्टी कायद्याच्या ग्रंथात सापडतात. तिसरी केवळ घरोघर जाऊन विचारल्यानेच कळेल. एखाद्या प्रमुख स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी अकोला शहरातील एक वस्ती आणि तालुक्यातील एक गाव निवडून, सामना कोणत्या मार्गाने व किती घरांत पाहिला गेला याची पाहणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केल्यास, प्रस्तुत लेखातील अनुमान कितपत टिकते हे पडताळता येईल. शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांची घरे त्या पाहणीत वेगळी नोंदवावीत. कारण हा प्रश्न प्रथमतः त्यांचा आहे.