सिस्टरांचे शिक्षण : भाग ६
तास भरले, पण हात तयार झाले का?

मागच्या आठवड्यात आपण परिचारिकांच्या नोंदणीविषयी पाहिले. परीक्षा एकदाच द्यायची, नोंदणीचे नूतनीकरण मात्र दर पाच वर्षांनी. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे त्यासाठी पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते, म्हणजे वर्षाला ३० तास. ही परिषद १९४७च्या कायद्याने आली. त्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. त्यामुळे तासांचे नियमही नव्याने घडवता येतील. ते कसे असावेत, हा आजचा विषय.

आधी हे तास लागतात कशाला, ते पाहू. हृदय बंद पडलेल्या रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा करा, श्वास द्या आणि मग छाती दाबा, असे २०१०पूर्वी शिकवत. त्या वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने नवजात बाळे वगळता इतरांसाठी हा क्रम बदलला आणि छाती दाबणे पहिले आले. २०१५मध्ये मोठ्या माणसासाठी मिनिटाला १०० ते १२० दाब आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोली ठरली. मन लावून शिकलेलेही असे जुने होते.

आता पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे स्लाइड पाहून कळत नाही. पुतळ्याशेजारी गुडघे टेकून, कोपर न वाकवता दाबत राहिले की मनगटे भरून येतात, दाब उथळ पडू लागतात. दर दोन मिनिटांनी दाबणारी व्यक्ती का बदलायची, ते तेव्हा उमगते. सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या सिस्टरला हे उमगत नाही, तरी प्रमाणपत्रावर तास दोघींचे सारखेच लागतात.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६पासून तीन वर्षांत ३५ तास पुरतात, पण त्यातले किमान २० इतरांबरोबर सहभागी होऊन शिकण्याचे असावे लागतात. शिवाय काय शिकलो आणि कामात काय बदलले, याची पाच लेखी टिपणे लागतात. तिथे काम करणाऱ्या आपल्याकडच्या परिचारिकांनाही हा नियम लागू आहे.

आपल्या नव्या नियमांत दोन गोष्टी यायलाच हव्यात. तासांचा ठरावीक हिस्सा प्रत्यक्ष हाताने करून शिकण्याचा असावा आणि हे तास ड्यूटीत धरले जावेत. नाइट संपवून थेट कार्यशाळेत येणाऱ्या सिस्टरचे डोळे मिटले, तर तो तिचा दोष नाही. वॉर्डात तिच्या जागी दुसरी सिस्टर देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे.

परिचारिका भगिनींनो आणि बंधूंनो, पुढच्या प्रशिक्षणाला नाव देतानाच विचारा, सरावासाठी पुतळा आहे का? नसेल, तर तो मागून घ्या.