कोर्टाची पायरी आणि कोर्टाचा नोकर

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे बहुधा खर्च आणि विलंब यांच्या भयाने सांगितली जाते. परंतु त्या पायरीवर आणखीही एक भय उभे असते, आणि ते न्यायाधीशाचे नसून कारकुनाचे व पट्टेवाल्याचे असते. आंबेगाव तालुक्यातील शिनोलीचा एखादा शेतकरी बांधाच्या वादासाठी घोडेगावच्या दिवाणी न्यायालयात जातो, तेव्हा न्यायाधीशांसमोर तो उभा राहतो फार तर दोन-चार मिनिटे. उरलेला दिवस खिडकीपाशी जातो. पुढली तारीख कोणती, नक्कल केव्हा मिळेल, समन्स बजावले की नाही, हे त्याने तेथेच विचारावयाचे असते. त्याला अरेतुरेने उत्तर मिळाले, किंवा मुळी मिळालेच नाही, तर त्याच्या लेखी तो अपमान कारकुनाने नव्हे, न्यायालयानेच केलेला असतो. मास्तरांपेक्षा मॉनिटरचा धाक मुलांना अधिक वाटतो, हे शाळेत शिकविलेल्या कोणासही निराळे सांगावयास नको.

अशा वर्तनाला शासन करण्याची तरतूद नाही, असे मुळीच नाही. जिल्ह्यातील न्यायालयांच्या कर्मचाऱ्यांवर जिल्हा न्यायाधीशांचा शिस्तविषयक अधिकार चालतो, आणि संविधानाच्या २३५व्या अनुच्छेदाने दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिलेले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ साली झाले. सेवकास न शोभणारे वर्तन त्यांनी निषिद्ध केले. त्याच वर्षीच्या शिस्त व अपील नियमांत ठपका, वेतनवाढ रोखणे, पदावनती, सक्तीची निवृत्ती आणि शेवटी बडतर्फी अशी शिक्षांची चढती शिडीच मांडून ठेवली आहे.

मग उणे कोठे आहे? आमच्या मते 'अनादर' या शब्दाच्या अर्थात. आपल्या कचेऱ्यांत अनादर हा खालून वर होतो असेच मानण्याची रीत आहे. हाताखालच्या माणसाने साहेबांना उलट उत्तर दिले की शिस्त धोक्यात येते. साहेबांच्या हाताखालच्याने पक्षकाराला धुडकावले तर ती 'कामाच्या गर्दीत' घडलेली गोष्ट ठरते. हा भेद न्यायालयाला तर मुळीच शोभत नाही.

वरिष्ठाच्या अनादराचे माप काय असावे, याचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयापर्यंत झालेला आहे. उत्तर प्रदेशातील वीजमंडळाच्या एका नोकराला असभ्य व धमकीवजा भाषेबद्दल नोकरीतून काढले होते. ती शिक्षा अपराधाच्या मानाने अतिरेकी ठरवून न्यायालयाने १९८२ साली दोन वेतनवाढी रोखणे पुरेसे मानले. उलट एका मोटार कारखान्यातील कामगाराने वरिष्ठाला अर्वाच्य शिवीगाळ केली होती, त्या वादात २००५ साली बडतर्फीच कायम झाली. हे दोन्ही वाद मजूरविषयक कायद्याखालचे असले, तरी शब्द कोणते, प्रसंग कोणता आणि त्या माणसाची मागली नोकरी कशी, हे पाहूनच शिक्षा ठरवावी, एवढे त्यांतून न्यायालयाच्या कचेरीनेही घेण्यासारखे आहे.

नोकराची बाजूही आम्ही विसरत नाही. किरकोळ शिक्षेपूर्वीसुद्धा त्याला लेखी आरोप कळविला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. मोठ्या शिक्षेला तर दोषारोपपत्र आणि रीतसर चौकशी हवीच, आणि बडतर्फीपुरते ३११व्या अनुच्छेदाचे संरक्षणही त्याला आहे. ज्याचा अपमान झाला असे म्हणणे आहे, त्यानेच चौकशीस बसू नये, हे तत्त्व न्यायाधीश इतरांना रोज सांगतात. आपल्या शिपायाच्या बाबतीतही ते पाळले जावे. साहेबांच्या बंगल्यावर भाजी आणावयास जाण्याचे पट्टेवाल्याने नाकारले, तर त्याला आम्ही अनादर म्हणणार नाही.

परंतु नोकराला निदान नियमांचा आधार आहे. पक्षकाराला काय आहे? ज्या कारकुनाविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच्याच कपाटात त्याच्या दाव्याचे कागद असतात. कागद पुढे सरकणार नाही, नक्कल लांबणीवर पडेल, या धास्तीने तो गप्प बसतो, आणि तक्रारच नाही म्हणून कचेरीत सर्व आलबेल आहे असा समज होतो. वकील तरी त्याच्या वतीने बोलेल, असे कोणी म्हणेल; पण वकिलाला त्याच खिडकीपाशी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावयाचे असते. ई-कोर्ट्स योजनेमुळे पुढली तारीख आता भ्रमणध्वनीवर कळू शकते, ही सोय खरोखर मोठी आहे. मात्र भीमाशंकरच्या डोंगराकडील ज्या आदिवासी म्हातारीला अक्षरओळख नाही, तिला अजून माणसालाच विचारावे लागते, आणि तो माणूस तिच्याशी कसा बोलतो यावरच तिचे न्यायसंस्थेविषयीचे मत बनते.

पुणे जिल्ह्याच्या न्यायाधीशांना आमची विनंती आहे की, घोडेगाव, जुन्नर, राजगुरुनगर येथील प्रत्येक न्यायालयाच्या दर्शनी भागी, ठळक मराठी अक्षरांत, कर्मचाऱ्याच्या वर्तनाविषयीची तक्रार कोणाकडे व कशी पाठवावी हे लिहिलेले असावे. ती तक्रार त्याच कचेरीच्या टपालातून न जाता थेट जिल्हा न्यायालयात पोहोचावी. तक्रार सुरू असेपर्यंत त्या दाव्याचे कागद दुसऱ्या कारकुनाकडे ठेवावेत. आणि निकाल काहीही लागो, ठपका असो वा निर्दोषता, तो तक्रारदाराला त्याच्या गावच्या पत्त्यावर एका पत्राने कळवावा.