नाव, नदी आणि गाव : जपानी अ‍ॅनिमेशनपट बघताना

मे महिन्याच्या सुट्टीत नात घरी आली की टीव्हीचा रिमोट तिच्याकडे जातो. मागच्या सुट्टीत तिने जपानी अ‍ॅनिमेशनपटांचा सपाटा लावला. "कार्टून आहे, बघू दे तिला," असे म्हणून आम्ही दोघे बाजूला चहा घेत बसायचो. तिसऱ्या चित्रपटापर्यंत अशी अवस्था झाली की ती मैत्रिणीकडे खेळायला गेली तरी आम्ही आपले टीव्हीसमोरच. मंडळाच्या बऱ्याच घरांत नातवंडांमुळे हे चित्रपट आले असतील. त्यात नेमके काय आहे आणि आपल्या वयाच्या माणसाने ते का बघावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

तसे जपानी अ‍ॅनिमेशन आपल्याला नवे नाही. दूरदर्शनवर रविवारी लागणारी मोगलीची 'जंगल बुक' मालिका जपानमध्येच तयार झालेली होती. तिचे हिंदी गीत गुलजारांचे, म्हणून ती आपलीच वाटायची. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने आपल्या राम मोहन यांच्या साथीने संपूर्ण रामायणावर चित्रपट केला, तो १९९२चा. पण ज्या चित्रपटांबद्दल लिहायचे आहे ते बहुतेक एकाच संस्थेचे आहेत, स्टुडिओ घिबली. (स्पेलिंगमुळे आपण घिबली म्हणतो, जपानी लोक 'जिबुरी' म्हणतात.) १९८५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे दोन खांब म्हणजे हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता. मियाझाकींचा जन्म १९४१चा, ताकाहातांचा १९३५चा; ताकाहाता २०१८ साली गेले. दोघांनी बालपणी युद्ध पाहिले. ताकाहाता तर नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांदेखत जपान इतका बदलला की लहानपणीची टेकडी, ओढा, शेत जागेवर उरले नाही. त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

सुरुवात 'स्पिरिटेड अवे'पासून करू. २००१चा हा चित्रपट, मियाझाकींचा. बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि ऑस्कर, दोन्ही मिळालेला. दहा वर्षांची चिहिरो आई-वडिलांबरोबर नव्या गावी राहायला निघाली आहे आणि गाडीच्या मागच्या सीटवर तोंड फुगवून पडली आहे. हातात मैत्रिणीने निरोपाला दिलेली फुले आणि कार्ड. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्यांच्या मुलांनी हे दृश्य जरूर पाहावे, आणि आई-वडिलांनी तर नक्कीच. वाट चुकून हे कुटुंब देवादिकांच्या जगात शिरते. आई-वडील दुसऱ्यांसाठी मांडलेले अन्न खाऊन डुक्कर होतात, आणि चिहिरोला युबाबा नावाच्या चेटकिणीच्या स्नानगृहात नोकरी धरावी लागते. युबाबा तिच्याकडून करारावर सही घेते आणि कागदावरून हात फिरवते. नावातली अक्षरे कागदावरून उचलली जातात आणि एकच शिल्लक राहते.

इथे थोडी जपानी लिपी समजून घ्यायला हवी. 'चिहिरो' हे नाव दोन चिन्हांत लिहितात. त्यातले पहिले चिन्ह 'हजार' या अर्थाचे. जोडीने आले तर त्याचा उच्चार 'चि', एकटे आले तर 'सेन'. म्हणून ती आता 'सेन' झाली. मालकिणीने नवे नाव ठेवलेले नाही, जुन्यातले बाकीचे काढून घेतले आहे. सही करण्याआधी कागद नीट वाचा, हे नोकरीभर काउंटरच्या आतल्या बाजूने आम्ही लोकांना सांगत आलो. पण या करारातली अट वाचूनही कळली नसती. हाकू नावाचा मुलगा तिला सावध करतो, की खरे नाव विसरलीस तर परतीची वाट सापडणार नाही. तो स्वतःचे नाव विसरून तिथेच अडकलेला आहे. चिहिरोही दोनच दिवसांत आपले नाव विसरायला लागली होती. तिचे जपून ठेवलेले कपडे हाकू परत देतो, त्यात मैत्रिणीचे कार्ड निघते आणि त्यावर लिहिलेले नाव वाचून तिला ते आठवते. आपले नाव दुसऱ्याच्या हातचे लिहिलेले सापडावे, ही गोष्ट आम्हाला फार खरी वाटली.

हाकूचे नाव मात्र कुठेच लिहिलेले नाही, कारण तो माणूस नाही. तो नदी आहे. शेवटी चिहिरोला आठवते, की आपण अगदी लहान असताना बूट धरायला जाऊन एका नदीत पडलो होतो आणि त्या पाण्यानेच आपल्याला काठाला लावले होते. त्या नदीचे नाव कोहाकू. नाव उच्चारताच तो मोकळा होतो. पण नदी आता नाही, ती बुजवून तिथे इमारती उभ्या केल्या आहेत. नदीचा देव घर नसलेला झाला, म्हणून दुसऱ्याच्या दारी चाकरीला लागला. जपानमध्ये शहरे वाढताना असे कितीतरी लहान प्रवाह बुजवले किंवा झाकले गेले. लहान मुलांच्या चित्रपटात हे एका वाक्यात येऊन जाते, रडारड नाही.

याच चित्रपटात आणखी एक नदी आहे. चिखलाने लडबडलेला, वास मारणारा पाहुणा स्नानाला येतो आणि सगळे नाक धरून पळतात. चिहिरोला त्याच्या अंगात काहीतरी रुतलेले लागते. दोर बांधून सगळ्यांनी ओढल्यावर बाहेर येते सायकल, आणि तिच्यामागोमाग शहरभराचा कचरा. आतून निघतो एक प्राचीन नदीदेव, खळाळून हसत. मियाझाकींनी शेजाऱ्यांबरोबर आपल्या भागातली नदी साफ करताना खरोखरच सायकल ओढून काढली होती, तिथून हे दृश्य आले. ते बघताना नातीने विचारले, "आजी, आपल्या नदीचं नाव काय?" कृष्णपुरा छत्र्यांच्या कडेने वाहते ती खान, की कान्ह? नावाचेही दोन उच्चार, आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या इंदूरकरांनी तिला नुसते 'नाला' म्हटलेले. आम्ही दोघांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

'माय नेबर तोतोरो' (१९८८) हा त्यामानाने शांत चित्रपट आहे. काळ साधारण १९५०च्या दशकाचा. आई इस्पितळात, म्हणून वडील दोन मुलींना घेऊन टोकियोजवळच्या खेड्यात राहायला येतात. घरामागे कापराचा प्रचंड वृक्ष, त्याला दोर बांधलेला आणि शेजारी छोटे देऊळ. कोकणातली देवराई पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वडील मुलींना घेऊन झाडापुढे वाकून नमस्कार करतात. चित्रपटात खलनायक नाही, मारामारी नाही. झाडातला केसाळ तोतोरो आणि आईची काळजी, एवढेच. हा प्रदेश म्हणजे टोकियो आणि साइतामा यांच्या सीमेवरच्या सायामा टेकड्या. मियाझाकी त्याच भागातल्या तोकोरोझावाचे रहिवासी. चित्रपटानंतर तिथल्या लोकांनी 'तोतोरोच्या गावा'साठी निधी उभारला आणि वर्गणीतून जंगलाचे तुकडे विकत घेत गेले. असे पन्नासहून अधिक तुकडे आता सुरक्षित आहेत. गावाच्या आठवणीने हळवे होऊन लोक थांबले नाहीत, सातबारा नावावर करून घेतला म्हणा ना!

या हळवेपणाला जपानीत एक खास शब्द आहे, 'फुरुसातो'. शब्दशः जुने गाव, म्हणजे आपले मूळ गाव. पण फुरुसातो म्हणजे नक्की काय, यावर आमच्या मते सर्वांत प्रामाणिक चित्रपट ताकाहातांचा आहे, 'ओन्ली यस्टरडे' (१९९१). ताएको ही सत्तावीस वर्षांची, टोकियोत नोकरी करणारी अविवाहित मुलगी. शाळेत सुट्टी लागली की सगळे आपापल्या गावी जायचे. हिचे घर टोकियोचेच, हिला गावच नाही. म्हणून रजा काढून ती बहिणीच्या सासरच्या नातेवाइकांकडे, यामागाताला, करडईच्या फुलांच्या तोडणीला जाते. हो, आपली तेलाची करडई. तिथे तिच्या पाकळ्यांपासून लाल रंग आणि ओठांची लाली काढत. काटे दवाने मऊ असतात तोवर, पहाटे, फुले तोडायची. पूर्वी मुली उघड्या हातांनी तोडायच्या, बोटे रक्ताळायची, आणि ती लाली लावणे त्यांच्या नशिबात कधीच नसायचे. ताएको हे सांगते तेव्हा पडद्यावर सुंदर सूर्योदय होत असतो. ताकाहातांची रीतच ही, सुंदर दाखवायचे आणि त्याची किंमतही सांगायची.

पुढे ती म्हणते, निसर्ग किती छान आहे! त्यावर तोशिओ हा तरुण शेतकरी तिला समजावतो, की हे जंगल, हा ओढा, ही शेते, यातले काहीच आपोआप झालेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी लाकूडफाटा तोडला, पालापाचोळा खताला नेला, पाणी वळवले, त्यातून हे दृश्य तयार झाले. माणसाने राखलेल्या अशा टेकड्यांना जपानीत 'सातोयामा' म्हणतात. म्हणून तर तिला इथे आपले गाव असल्यासारखे वाटते, असे त्याचे म्हणणे. आणि मग घरातली आजी सरळच विचारते, तोशिओशी लग्न करून इथेच राहतेस का? ताएको पावसात घराबाहेर पळते. गावाचे प्रेम आपण पाहुणी म्हणून करत होतो, हे तिच्या लक्षात येते. होळकरांच्या काळापासून इथे असलेल्या आपल्या घराण्यांनी वर्षातून चार दिवस कोकणात किंवा साताऱ्याला जाऊन "आमचं गाव" म्हणायचे, ते आम्हाला तेव्हा आठवले. तिथल्या भावकीला त्या चार दिवसांत काय वाटत असेल, हा विचार आम्ही पूर्वी केला नव्हता.

ताकाहातांचाच 'पोम पोको' (१९९४) वरवर विनोदी आहे. तानुकी हा कुत्र्याच्या कुळातला, डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला प्राणी. तो रूप बदलतो अशी जपानी लोककथांतली समजूत. टोकियोच्या पश्चिमेकडच्या तामा टेकड्या सपाट करून १९६०च्या दशकापासून 'तामा न्यू टाउन' ही मोठी वसाहत वसवली गेली, ही खरी घटना. चित्रपटातले तानुकी भुताखेतांची रूपे घेऊन ती थांबवायला बघतात आणि हरतात. हरल्यावर उरलीसुरली शक्ती एकवटून ते एकच गोष्ट करतात. इमारतींच्या जागी जुने गाव क्षणभर उभे करतात. खाचरे, कौलारू घरे, खेळणारी मुले. वसाहतीतली एक बाई त्यात आपल्या आईला ओळखून हाक मारते. मग सगळे मिटते. त्यानंतर ज्यांना रूप बदलता येते ते तानुकी सूट घालून कचेरीत जाऊ लागतात, लोकलमध्ये दमून पेंगतात.

इथे थांबले असते तर ही नुसती हळहळ झाली असती. पण पुढच्याच वर्षी, १९९५ साली, याच संस्थेने 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' काढला. पटकथा मियाझाकींची, दिग्दर्शन योशिफुमी कोन्दो यांचे. (हे गुणी गृहस्थ १९९८ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षीच गेले.) कथा घडते त्याच तामा टेकड्यांवर, त्याच इमारतींमध्ये. शिझुकू ही शाळकरी मुलगी जॉन डेन्व्हरच्या 'कंट्री रोड्स' या प्रसिद्ध गाण्याचे जपानी रूपांतर करते आहे आणि अडते. गावाकडची वाट म्हणजे काय, हेच तिला ठाऊक नाही. म्हणून ती गमतीने दुसरे रूपांतर करते, 'काँक्रीट रोड'. झाडे तोडून, दऱ्या बुजवून झालेले पश्चिम टोकियो हेच माझे फुरुसातो, असा त्याचा आशय. थट्टा आहे, पण खोटे एक अक्षर नाही. तानुकींचे जे गेले, त्याच जागेवर या मुलीचे गाव आहे. तिथला चढ, वाचनालय, रेल्वे स्टेशन यांचे चित्रण तोतोरोच्या झाडाइतक्याच मायेने केले आहे.

आम्हाला वाटते, हे दोन चित्रपट एकापाठोपाठ बघावेत. आपण नातवंडांना सारखे सांगतो की आपले मूळ अमुक गावचे. नातीला विचारले तर ती तिच्या सोसायटीचे नाव सांगते, लिफ्टचा आवाजसुद्धा करून दाखवते.

दुसऱ्या संस्थेचा एक चित्रपट राहून जायला नको. माकोतो शिन्काई यांचा 'युअर नेम' (२०१६). त्यातली आजी नातींना सांगते, की दोनशे वर्षांपूर्वी आगीत देवळाची कागदपत्रे जळाली. तेव्हापासून आपल्या उत्सवाचा अर्थ कोणाला माहीत नाही, फक्त रीत उरली आहे. तरी ती दोऱ्यांचे गोफ विणायला शिकवतच राहते. त्या रीतीत काय दडले होते ते चित्रपटातच बघा, सांगितले तर मजा जाईल.

घिबलीचे चित्रपट आपल्याकडे नेटफ्लिक्सवर २०२०पासून आहेत. लहान मुले असतील तर आधी 'तोतोरो'. 'स्पिरिटेड अवे' सहा-सात वर्षांखालच्यांना भीतिदायक वाटेल. 'पोम पोको'त तानुकींच्या शरीररचनेवर काही लोककथेतले विनोद आहेत, आजोबांची थोडी पंचाईत होते, मुलांची होत नाही. 'ओन्ली यस्टरडे' मोठ्यांसाठी. ताएको परतीच्या गाडीत बसते, नावे वर सरकू लागतात, पण तेवढ्यात उठून दिवा लावू नका. तिचा निर्णय त्या नावांच्या मागे चाललेला असतो. आम्ही पहिल्या वेळी उठलो होतो.